डाव्या हाताची सात पानं

कॅरिगरॉ,
३ फेब्रुवारी १९९६

प्रिय डेलिया,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फेकून द्यायचा विचार असेल, तर जरा थांब. कोणी गेलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही नकोय. फक्त एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. तुझा लीड्सचा पत्ता आपल्या मावसबहिणीने, रीटाने, दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला चहा पाजून पाजून तो काढून घेतला.

आपली कॉलर सापडली.

हो, तीच. पंचावन्न सालची, रानगुलाबाची, नऊ पानांची. डब्लिनच्या प्रदर्शनात ती कोणा बाईने विकत घेतली आणि त्यानंतर चाळीस वर्षं तिचा ठावठिकाणा नव्हता. गेल्या ऑक्टोबरात ती एका लिलावात निघाली. सोबत प्रदर्शनाचं कार्ड जसंच्या तसं: अबीना लिहान, वय सतरा, पहिलं पदक. बेलफास्टच्या मिस कॅरदर्स यांनी ती घेतली. या बाईंनी जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवलं आणि फावल्या वेळात आयर्लंडभरची सुईची लेस गोळा केली. आता त्या तिच्यावर जाडजूड पुस्तक करताहेत, आणि त्यात एक अख्खं प्रकरण माझ्यावर आहे, ‘कॅरिगरॉची शेवटची लेसवाली’. शेवटची म्हणे! मी अजून अठ्ठावन्न वर्षांची आहे, मला पुरायला वेळ आहे.

परवा गुरुवारी त्या आल्या. गुरुवारी माझा वर्ग असतो, कॉन्व्हेंटच्या जुन्या शाळेतल्या खोलीत. अकरा बायका येतात. त्या सगळ्यांसमोर मिस कॅरदर्सनी निळ्या कापडावर कॉलर पसरली आणि डोळ्याला भिंग लावलं.

“मिस लिहान, ही तुम्ही एकटीने केलीत?”

“कार्डावर माझंच नाव आहे ना?”

“कार्ड मी वाचलं. आता टाके बघतेय.” त्यांनी भिंग बायकांकडे दिलं. “हे भरीव पान बघा. काज्याच्या टाक्यांची एक ओळ घालायची, दोरा सरळ मागे आणायचा आणि परत पहिल्याच बाजूने सुरुवात करायची. उजव्या हाताची बाई डावीकडून निघते, म्हणून सगळे फास एकीकडे कलतात. इथे दोन पानं तशी आहेत. बाकीच्या सात पानांत ते नेमके उलटे कलतात. तुमच्यात कोणीतरी डावखुरी होती. कोण ती?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चाळीस वर्षं शिकवल्यावर तेवढं जमतं. मी म्हटलं, आठवून सांगते.

पुस्तक मेअखेरीस छापायला जाणार. कॉलरीखाली कोणाचं नाव द्यायचं ते त्यांना तोवर हवंय. त्या कॉलरीवर मला पदक मिळालं, त्याच वर्षी लेसचा वर्ग मिळाला, आणि त्या वर्गावर मी आजवर जगले. हे तुला नव्याने सांगायला नको. तरी सांगितलं.

तुझी बहीण,
अबीना


कॅरिगरॉ,
२६ फेब्रुवारी १९९६

प्रिय डेलिया,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. खरं म्हणजे वाटलं होतं. माझ्या नावाच्या सेंटच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, बारा तारखेला, मी दोनदा दाराशी जाऊन पोस्टमनची वाट पाहिली.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट तुला चुकीची सांगितली. ‘आठवून सांगते’ असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, “ती सात पानं माझ्या आईने केली.”

तोंडून निघून गेलं. आई जाऊन तेवीस वर्षं झाली, ती काही हरकत घ्यायला येणार नव्हती. पण नोनी तिथेच खुर्चीत बसली होती. तुला आठवते ना, चक्कीवाल्याची नोनी? आता सत्तरीची आहे आणि तोंड पूर्वीपेक्षा मोठं आहे.

“कोण? तुझी आई?” ती म्हणाली. “अगं, तुझ्या बापाच्या कोटाचं बटण तिने तारेने बांधलं होतं! तो बिचारा तसाच चर्चमध्ये मासला यायचा. गुडघे टेकले की ती तार त्याला टोचायची आणि तो डोळे मिटून कळवळायचा. आम्हा पोरांना वाटायचं, काय भक्ती आहे या माणसाची!”

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, आई लाजाळू होती, कोणाला दाखवत नसे. नोनीची सून इमर तर हळवीच झाली. “बिचारीने सगळं लपूनच केलं असेल,” म्हणाली. मिस कॅरदर्सनी ते वहीत लिहूनही घेतलं.

आता त्यांना पुस्तकासाठी आईचा फोटो हवाय, हात दिसतील असा. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, कोंबड्यांना दाणे टाकतानाचा. आणि दाणे उजव्या हातात आहेत.

अबीना


कॅरिगरॉ,
१८ मार्च १९९६

प्रिय डेलिया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘फोटो उलटा छापायला सांग. डे.’ एवढंच. बाजारात उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की खाटकाने दारात येऊन विचारलं, बरं आहे ना. मग घरी येऊन रडले. तेवीस वर्षांत तुझं मला आलेलं हे पहिलं वाक्य. आईच्या अंत्यविधीला तू आलीस तेव्हा मागच्या बाकावर बसलीस, हॅमचं एक सँडविच खाल्लंस आणि संध्याकाळच्या बसने गेलीस. माझ्याशी बोललीस ते फक्त ‘मीठ दे’.

तुझ्या कार्डानंतर मी मिस कॅरदर्सना फोन केला आणि सांगितलं की ती आई नव्हती, धाकटी बहीण होती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आता कसं! आईवर माझा विश्वास बसलाच नव्हता. ही पानं पोरीची आहेत, या हाताला भीती ठाऊक नाही.” मग विचारलं, “पण कार्डावर तिचं नाव का नाही?”

म्हणून जे आपण दोघी जाणतो ते मी त्यांना सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये एक मोठा झगा दहा मुली मिळून करत. तुकडे वेगवेगळे, मग ते एकत्र जोडायचे. त्यात एका तुकड्याचे टाके उलटे पडले की जोड उठून दिसायचा, आणि ऑर्डर परत यायची. म्हणून वर्ग चालवणाऱ्या सिस्टर बेनिग्नांचा नियम होता: लेसच्या खोलीत डावा हात चालणार नाही. तू वर्गात उजव्याने करायचीस आणि हात दुसऱ्या कोणाचे आणून लावलेत असं दिसायचं. घरी आलीस की सुई डाव्या हातात घ्यायचीस आणि माझं अर्धं पान होईतो तुझी दोन झालेली असायची. कॉलर आपली होती, जोडायचा प्रश्न नव्हता. पानं बहुतेक तू केलीस. फुलं, जाळी, कडा मी.

आणि मग मे महिन्यातल्या त्या शनिवारी तू खिडकीचा पडदा ओढायला विसरलीस, सिस्टर बेनिग्ना रस्त्याने जात होत्या, त्यांनी तुझ्या डाव्या हातात सुई पाहिली. सोमवारी तुला काढलं. तुझं नाव घातलं असतं तर कॉन्व्हेंटने कॉलर डब्लिनला पाठवलीच नसती, म्हणून फक्त माझं घातलं. सप्टेंबरात तू बोटीने इंग्लंडला गेलीस. पंधरा वर्षांची होतीस.

मिस कॅरदर्स हे सगळं छापणार आहेत. सिस्टर बेनिग्ना अजून आहेत, एक्याण्णव वर्षांच्या. ईस्टरनंतर आम्ही दोघी त्यांना भेटून येऊ. एकदा त्यांनी हो म्हटलं की तुझं नाव पुस्तकात. तुला चालेल ना?

अबीना


कॅरिगरॉ,
११ एप्रिल १९९६

डेलिया,

काल गेलो होतो. हे पत्र मी तीनदा फाडलं, आता चौथ्यांदा लिहिते आहे, आणि हे परत न वाचताच पेटीत टाकायचं असं ठरवलंय. वाचलं तर टाकणार नाही.

सिस्टर बेनिग्ना खिडकीपाशी खुर्चीत होत्या. अंगाने चिमणीएवढ्या राहिल्यात, पण डोकं जागेवर आहे. मिस कॅरदर्सनी वही उघडली आणि विचारलं, शनिवारी खिडकीतून तुम्ही डेलियाला पाहिलंत, ते आठवतं का?

“खिडकीतून?” सिस्टर म्हणाल्या. “लिहानांच्या? छे गं बाई. त्या रस्त्याने मी जन्मात गेले नाही. त्यांच्याकडे तो लाल कुत्रा होता, भिक्षेकरी आणि नन यांत त्याला फरक कळत नसे.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिने सांगितलं. मंगळवार होता. डोक्याला रुमालही न बांधता धावत आली होती.” आणि मला म्हणाल्या, “तू विसरलीस वाटतं?”

मिस कॅरदर्सनी वही मिटली. “मी गाडीत बसते,” म्हणाल्या, आणि गेल्या. त्या बाईला मी एरवी कितीही नावं ठेवीन, पण त्या क्षणी तिने माझ्यावर उपकार केले.

पडदा ओढलेला होता, डेलिया. तू तो कधीच विसरत नव्हतीस. तू विसरलीस हे मी तुला सांगितलं, आणि तू रडत रडत ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणालीस, आणि मी तुला म्हणू दिलं.

का सांगितलं ते आता सांगते. सातवं पान झालं त्या संध्याकाळी मी माझ्या दुसऱ्या पानाशी झुंजत होते. टाके घट्ट होत होते, उसवावे लागत होते. तू माझ्या मांडीवरून कापड उचललंस, बघितलंस आणि म्हणालीस, “अ‍ॅबी, तू दमलीस गं, उरलेलं मी करते, तू फक्त बस.” चांगल्या मनाने म्हणालीस. तुझ्या बोलण्यात जराही तोरा नव्हता. तो असता तर मी भांडून मोकळी झाले असते. माझ्या छातीत नुसती आग पेटली. मी सतरा वर्षांची, वर्गातली पहिली, आणि तू पंधराची पोर, चुकीच्या हाताने, हसत हसत. दुसऱ्या दिवशी मी कॉन्व्हेंटला गेले.

मला वाटलं होतं, छडी मारतील, उजव्याने कर म्हणतील. काढून टाकतील असं खरंच वाटलं नव्हतं. हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की ते खरं आहे की नाही हेही आता मला सांगता येत नाही.

निघताना मी सिस्टरना विचारलं, मला वर्ग दिलात तो पदकामुळे ना? त्यांनी मान हलवली. “पदक काय, पदकं पुष्कळींना मिळतात. सख्ख्या बहिणीची चूक असली तरी खरं सांगायला आली, म्हणून दिला. मला एक सच्ची मुलगी हवी होती.”

चाळीस वर्षं मी समजत होते की माझी भाकर कॉलरीवर उभी आहे. ती चहाडीवर उभी होती.

आता तुला सगळं कळलं. मिस कॅरदर्सनी एवढंच विचारलंय की काय छापायचं ते मी मेच्या मध्यापर्यंत सांगावं. तुझं नाव तर त्या छापणारच. बाकीचं छापायचं की नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलंय, आणि मी तुझ्यावर.

अबीना


कॅरिगरॉ,
२० मे १९९६

प्रिय डेलिया,

तुझं पत्र आलं. मी ते पाठ केलंय, तरी इथे उतरवते, म्हणजे मी काही गाळलं नाही हे तुला दिसेल.

‘कॉलरीखाली माझं नाव घाल नाहीतर घालू नकोस, मला त्याचं काही नाही. तुझ्या नावाने ती पाठवलीस म्हणून मी इतकी वर्षं तुझ्यावर रागावले होते, पण तो राग तसा साधा होता. पडद्याचं तसं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं मी घरातला प्रत्येक पडदा दोनदा तपासते. माझी मुलं मला त्यावरून हसतात. कोणी सांगितलं ते छाप.’

पत्र आलं त्या गुरुवारी मी वर्गात गेले, उभी राहिले आणि बायकांना सगळं सांगितलं. बसून सांगितलं असतं तर आवाज गेला असता. मग मिसेस टूमी उठल्या, आपली सुयांची उशी आणि कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याच्या टोपीवर तुझ्या वर्गाचं नाव घालून मी मिरवत होते.” त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग त्यांची जाऊही गेली. नऊ उरल्या.

नोनी काही गेली नाही. ती म्हणाली, “तारेचं बटण मी गावभर केलं त्याचं मला आता वाईट वाटतंय. तुझ्या आईपेक्षा तूच वाईट निघालीस.” आणि मग थोड्या वेळाने, “किटली ठेव कोणीतरी. ही आता पडेल.”

पण खरा घाव इमरने घातला, आणि तोही न बोलता. इमर सहा वर्षं माझ्याकडे येते. डावखुरी आहे. पहिल्या दिवशी मी तिच्या हातातली सुई काढून उजव्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, इथे असंच चालतं. तिच्याआधी अशाच किती आल्या असतील, मोजल्या नाहीत. कोणी टिकल्या, बऱ्याच गेल्या. आता कोणी दहा जणींचा झगा करत नाही, तुकडे जोडायचे नाहीत, जी ती आपलं आपण करते. नियमाचं कारण मरून तीस वर्षं झाली होती आणि नियम मी एकटी जिवंत ठेवत होते. का, ते मला आता कळतं. तो नियम चुकीचा असता तर मी तुझ्याबाबतीत बरोबर कशी असते?

त्या दिवशी इमरने माझ्याकडे पाहिलं, सुई डाव्या हातात घेतली आणि पान विणायला सुरुवात केली. हात सहा वर्षं बांधून ठेवल्यासारखा अवघडलेला होता. चार टाके घातले आणि थांबली. “मिस लिहान, आता दोरा परत कसा आणायचा?”

मला सांगता येईना. सगळ्यांसमोर मी तिच्या शेजारी बसले, सुई डाव्या हातात धरली, आणि दोऱ्याचा असा काही गुंता केला की नोनीने तो कात्रीने कापला.

मिस कॅरदर्सना मी हे लिहून दिलं, त्यांनी एक अक्षर बदललेलं नाही. कॉलरीच्या चित्राखाली ते असं छापलं जाईल:

‘सात पानं: डेलिया लिहान, वय पंधरा, डावखुरी. दोन पानं, फुलं, जाळी आणि कड: अबीना लिहान, वय सतरा. डेलिया घरी डाव्या हाताने काम करते हे तिच्या बहिणीने, अबीनाने, लेसच्या वर्गात जाऊन सांगितलं. त्यावरून डेलियाला काढून टाकण्यात आलं. कॉलर अबीनाच्या एकटीच्या नावाने प्रदर्शनात गेली व तिला पदक मिळालं.’

‘शेवटची लेसवाली’ हे नाव त्यांनी काढलं. मीच काढायला सांगितलं.

चित्राखाली माफी छापत नाहीत, म्हणून ती इथे मागते. डेलिया, तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. मला ते तेव्हाच दिसलं होतं, आणि ते दिसलं म्हणूनच मी गेले. तुझं घर, तुझा हात, तुझी इतकी वर्षं, यातलं काही मला परत देता येत नाही. मला फार वाईट वाटतं. तू क्षमा कर असं म्हणायला मला तोंड नाही, आणि तू नाही केलीस तर मी तक्रार करणार नाही.

पण एक विचारायचं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. इमर येत्या गुरुवारी पुन्हा येणार आहे. पुस्तकं सगळी उजव्या हाताची आहेत. आरसा धरून पाहिला, तरी जमत नाही. कॅरिगरॉत आता हे कोणालाच येत नाही, मलाही नाही, चाळीस वर्षं शिकवूनही. पान सुरू करताना तू पहिला टाका कुठून घालायचीस?

अ‍ॅबी